नेम आपला, घर सर्वांचे

भीमाकाठच्या एका गावी सप्ताहाचे कीर्तन होते. भीमेच्या दक्षिणेस दौंड तालुका, उत्तरेस शिरूर तालुका. नदी मधून वाहते, पण लेकी-सुना दोन्ही काठांनी एकमेकांस दिलेल्या, त्यामुळे श्रोतृवर्ग दोन्हीकडचा. काल्याचे कीर्तन आटोपले, पंगती उठल्या, आणि एक साठीच्या घरातली बाई मंडपाच्या खांबाशी येऊन उभी राहिली. म्हणाली,

“महाराज, एक विचारू का? राग नका मानू. मी माळकरी. सासूबाई गेल्या तेव्हापासून गळ्यात माळ आहे. मालकांना जत्रेला वाटा लागतो. थोरला रांजणगावच्या कंपनीत, त्याची रात्रपाळी. एकादशी कधी आली न् कधी गेली, त्याला ठाऊक नसतं. धाकटी सून शिकलेली, ती पोराला अंडं उकडून देते. घर एक न् तऱ्हा चार. मग माझा नेम राहिला का मोडला?”

मी ठरलेले उत्तर दिले. “बाई, आपण आपले नाम घ्यावे, बाकीच्यांना देव बुद्धी देईल.” बाई ‘बरं’ म्हणून पाया पडून गेली. परंतु उत्तराने तिचे समाधान झाले नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळले. खरे म्हणजे माझेही झाले नाही. ‘बाकीच्यांना देव बुद्धी देईल’ या वाक्यात ‘मला ती आधीच दिलेली आहे’ हे गृहीत धरले होते. म्हणून त्या माउलीच्या प्रश्नाचा विचार आज सविस्तर करू.

नेम म्हणजे काय?

‘नेम’ हा शब्द ‘नियम’ यावरून आला. यम् म्हणजे आवरणे. आवरायचे कोणाला? स्वतःला. दुसऱ्याला आवरण्याचे काम फौजदाराचे. त्यास नियम म्हणत नाहीत. पतंजलींनी योगाची अंगे सांगताना आधी यम सांगितले आणि मग नियम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे नियम दुसरे आले. त्यांच्या आधी पाच यम, आणि त्या यमांतही पहिली अहिंसा. हा क्रम उगाच ठेवलेला नाही. अहिंसेच्या पायावर नियमाची भिंत उभी राहते. पाया काढून भिंत उंच करू गेल्यास ती घरातल्यांच्याच अंगावर कोसळते.

आपल्या संप्रदायाचे नेम थोडे व सोपे. कंठी तुळशीची माळ, मद्यमांसाचा त्याग, दर पंधरवड्यास एकादशी, नित्याचा हरिपाठ, आणि पंढरीची वारी. वर्षाच्या एकादश्या चोवीस. अधिकमास आला तर सव्वीस. एवढेच. परंतु एवढ्यावरूनही घरोघरी धुसफूस आहे. ती कशी, ते आपल्या दोन तालुक्यांतच पाहू.

पहिला भेद जत्रेचा. गावदेवाची जत्रा आली की पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी तिखट. माळकऱ्याचे पातेले वेगळे, पळी वेगळी. तिखटाची चूल परसात तीन दगडांवर. कित्येक ठिकाणी तर एखादा महाभाग माळ काढून खुंटीला अडकवतो, जेवतो, आणि आंघोळ करून पुन्हा गळ्यात घालतो. दुसरा भेद कामाचा. दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन. गाडीवर निघालेल्या माणसाला तिथी पाहून गाडी थांबवता येत नाही. रांजणगावास महागणपती आहे, आणि तेथेच औद्योगिक वसाहतही आहे. तिथल्या पाळीला दशमी-द्वादशी नाही. तिसरा भेद प्रकृतीचा. साखरेचा आजार झालेल्या म्हातारीस डॉक्टर उपास करू नको म्हणतात, आणि ती चोरून करते. चौथा भेद मात्र दोन्ही बाजू पाळणाऱ्यांचा! पंचांगात स्मार्त एकादशी एक दिवस, भागवत दुसऱ्या दिवशी. अरुणोदयी दशमीचा वेध असेल तर भागवत दुसरा दिवस धरतात. आपण वारकरी भागवत धरतो. सुनेच्या माहेरी स्मार्त धरीत असतील तर त्या घरात दोन दिवस शाबुदाणा भिजतो, आणि ‘खरी एकादशी कोणाची’ यावर तिसऱ्या दिवशी अबोला.

आता पहा. पहिल्या भेदात इच्छा आहे, दुसऱ्यात पोट आहे, तिसऱ्यात शरीर आहे, चौथ्यात परंपरा आहे. चार गोष्टी चार प्रकारच्या. पण माळकरी मनुष्य रागावला म्हणजे चौघांनाही एकच शब्द लावतो: ‘नास्तिक’. रोगाची परीक्षा न करता एकच पुडी देणाऱ्या वैद्यासारखी ही गत झाली.

शंका पहिली: जो कमी पाळतो, त्यास कमी समजावे काय?

याचे उत्तर देहूच्या घरात मिळते. श्रीतुकोबारायांची पत्नी जिजाई, म्हणजे आवली. आम्ही कीर्तनकारांनी तिला फार छळले आहे. श्रोते पेंगू लागले की आवलीचे भांडण काढावे, दोन टोमणे तिच्या तोंडी घालावे, मंडप हसतो. मीही हे केले आहे.

परंतु चरित्र नीट वाचा. तुकोबाराय डोंगरावर भजनात बसत. घरी दुष्काळाच्या झळा, पोरे लहान. ही बाई विठ्ठलावर रागावे, बोले, सारे खरे. पण भाकरी घेऊन उन्हात डोंगर चढून कोण जाई? तीच. पतीच्या मुखी घास गेल्याशिवाय स्वतः जेवायचे नाही, हे व्रत तिचेच. मग सांगा, त्या घरात नेम एक होता की दोन? एक नेम अभंगातून जगाला दिसला. दुसरा डोक्यावरच्या टोपलीत झाकलेला होता, म्हणून कोणी मोजला नाही.

आणखी पहा. तुकोबारायांच्या वैकुंठगमनसमयी जिजाई गर्भवती होती. पुढे जन्मले ते नारायण महाराज. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याची प्रथा १६८५ साली त्यांनी सुरू केली. आज आपल्या यवत-वरवंडावरून, पाटसावरून, रोटीच्या घाटातून जी पालखी जाते, ती सुरू करणारा पुत्र ज्या मातेने वाढविला, तिला आपण ‘देवाची वैरीण’ म्हणून हसतो. हा आपला न्याय!

म्हणून पहिला सिद्धांत असा की, घरातल्या माणसाचा नेम आपल्या नेमासारखा दिसत नाही एवढ्यावरून त्याला नेमच नाही असे ठरवू नये. पंचांगात न छापलेले नेमही असतात.

शंका दुसरी: पाळणाऱ्याने न पाळणाऱ्यास वळवावे की त्याच्यापासून वेगळे व्हावे?

येथे श्रीनाथांच्या घरची कथा महिपतिबुवांनी सांगितली आहे ती घ्यावी. नाथांचा पुत्र हरिपंडित मोठा शास्त्री. त्याला बापाच्या दोन गोष्टी खटकत. नाथ परान्न घेतात ही एक, आणि पुराण प्राकृतात सांगतात ही दुसरी. नेमाने पाहिले तर बापापेक्षा लेक कडक! तो बायकामुले घेऊन काशीस निघून गेला. नाथ म्हातारे, ते त्याला आणायला काशीस गेले. त्याने अटी घातल्या: परान्न घ्यायचे नाही, प्राकृत सांगायचे नाही. नाथांनी कबूल केले. पैठणास आल्यावर पुराण संस्कृतातून सुरू झाले आणि श्रोते ओसरले. पुढे एका गरीब वृद्धेचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. जवळ पैसा नाही. नाथ एकटे तिच्या घरी जेवले, आणि हरिपंडितास उष्टी पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलावी तो खाली दुसरी, दुसरी उचलावी तो तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या. लेकाचा ताठा गेला.

या कथेतला चमत्कार क्षणभर बाजूस ठेवा. पाहायचे ते हे की नाथांनी वाद घातला नाही. ‘तुझे शास्त्र चुकले’ म्हणून सभा भरविली नाही. लेकाच्या कडक नेमाचा भार बापाने आपल्या अंगावर घेतला. ज्ञान ज्याच्याजवळ अधिक, त्याने सोसावे अधिक. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच सांगितले आहे की, जाणत्याने कर्मात गुंतलेल्या अज्ञांचा बुद्धिभेद करू नये. आपण नीट आचरण करून त्यांच्याकडून करवून घ्यावे. आपण मात्र उलट करतो. आचरण थोडे, आणि बुद्धिभेद दिवसातून तीनदा, जेवणाच्या पानावर.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझीच आहे. चाळीस वर्षे कीर्तनात सांगितली नाही.

माझे थोरले बंधू दौंडला रेल्वेत होते. आधी फायरमन, पुढे ड्रायव्हर झाले. वडील लवकर गेले. मला पाठशाळेत घातले ते दादांनी. दरमहा मनिऑर्डर यायची ती त्यांच्या पगारातून. बाविसाव्या वर्षी मी घरी आलो तेव्हा गळ्यात माळ, डोक्यात लघुकौमुदी आणि अंगात ताठा. दादा सर्व खात. रात्री-अपरात्री बोलावणे यायचे, पेटी उचलून निघायचे, सोलापूरच्या रनिंग रूममध्ये जे शिजेल ते जेवायचे. मी ठरवून टाकले की यांच्या घरचे पाणी घ्यायचे नाही.

मी यायचा असलो की वहिनी आदल्या दिवसापासून घर धूत. माझ्यासाठी तांब्या-पितळेची वेगळी भांडी त्यांनी घेऊन ठेवली होती. ती चिंचेने लख्ख घासून ठेवीत. “भाऊजी, या भांड्यांत दुसरं काही कधीच शिजवत नाही हो. पिठलं-भात तरी घ्या.” मी उभ्या उभ्या, “वहिनी, नेम आहे,” असे सांगून देवळात उतरायला जाई. दादा काही बोलत नसत. एकदाच म्हणाले, “राहू दे गं, त्याचा नेम आहे.” मला तेव्हा वाटले, दादांना माझे पटले.

असे एकोणतीस वर्षे चालले.

एका आषाढात मी दिंडीबरोबर वरवंडास होतो. एक म्हातारा वारकरी मला म्हणाला, “तुम्ही दौंडच्या ड्रायव्हरदादांचे भाऊ ना? मोठं माणूस. दरसाल रजा काढून येतात, म्हाताऱ्यांचे पाय चेपून देतात, तेल स्वतःचं आणतात.” मला ठाऊक नव्हते. मी त्याच मुक्कामावर दरसाल कीर्तन करीत होतो आणि माझा भाऊ चार राहुट्या पलीकडे वारकऱ्यांचे पाय चेपीत होता. त्याने मला कधी सांगितले नाही, आणि मी कधी विचारले नाही.

त्याच वर्षी मार्गशीर्षात दादा गेले. तेराव्याला पान वाढले तेव्हा वहिनी ती पितळेची भांडी घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. त्या घरी मी जेवलो ते पहिले जेवण हे. माझा नेम एकोणतीस वर्षे अखंड राहिला, सज्जन हो, पण तो मोडायला हवा होता असे नव्हे. वहिनींनी वेगळी भांडी ठेवली होती, अन्न शुद्ध होते, नेमाला कोठेच बाध नव्हता. बाध होता तो माझ्या मोठेपणाला. त्यालाच मी नेम म्हणत होतो.

‘उपवास’ या शब्दाचा अर्थ मी शेकडो वेळा फोडून सांगितला आहे: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे तो उपवास. परंतु ज्याच्या मनिऑर्डरीवर हा अर्थ शिकलो, त्याच्याजवळ राहिलो नाही. हरिपंडिताला नाथ आणायला काशीस गेले; मला आणायला कोणी आले नाही, कारण मी देवळातच होतो.

शंका तिसरी: मग ज्याने त्याने हवे ते करावे, आणि माळकऱ्याने नेम सैल करावा काय?

नाही. असा अर्थ कोणी काढू नये. येथे संत बहिणाबाईंचे चरित्र पहावे. आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते की ‘शिऊरकर’ बहिणाबाई आपल्या शिरूरच्या. तसे नाही, ते शिऊर वैजापूर तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. असो. बाईंचा जन्म १६२८ चा. अगदी बालपणी लग्न झाले. पती गंगाधरपंत पाठक वयाने पुष्कळ मोठे, वैदिक. कोल्हापुरास असताना बाई जयरामस्वामींच्या कीर्तनास जाऊ लागल्या, तुकोबारायांचा ध्यास लागला, स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्राला गुरू करावे हे पतीला सहन झाले नाही. मारहाण झाली. तो गर्भार बायको टाकून निघणार, तोच आजारी पडला. बाईंनी शुश्रूषा केली. पुढे तो पालटला आणि दोघे देहूस गेले, तुकोबारायांची कीर्तने ऐकत राहिले.

यात दोन गोष्टी आहेत. बाईंनी नाम सोडले नाही. आणि नाम न घेणाऱ्याची सेवाही सोडली नाही. नेम सैल केला नाही, पण नेमाची काठीही केली नाही. तथापि एक स्पष्ट सांगतो, कारण या कथेचा दुरुपयोग होतो. मारहाण हा काही ‘घरातला नेमभेद’ नव्हे. तो अधर्म आहे. कोणा बाईने तो आज भक्ती म्हणून मुकाट्याने सोसावा, असे या चरित्रावरून कोणी सांगू नये. पाळणाऱ्याने न पाळणाऱ्यावर हात उगारला तरी अधर्म, आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्यावर उगारला तरीही अधर्मच.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याच्या नाशासाठी किंवा हट्टाने जीवाला पीडा देऊन केलेले तप ते तामस. आणि वाणीचे तप कोणते? ज्याने दुसऱ्याच्या मनास उद्वेग होत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर, ते बोलणे. म्हणजे एकादशीला पोट रिकामे ठेवून जिभेने सुनेला दिवसभर टोचले, तर एक तप साधले आणि दुसरे मोडले. हिशेब शून्यावर आला. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणून आपण भगर-रताळी खाणाऱ्याला हसतो, पण दुप्पट बोलणाऱ्याला कोणी हसत नाही.

व्यवहार कसा करावा?

माझ्या अनुभवाने चार गोष्टी सांगतो.

पहिली: आपल्या नेमाचा खर्च आपण द्यावा. फराळ वेगळा हवा, तर शक्य तोवर आपल्या हाताने करावा. कामावरून दमून आलेल्या सुनेने एकीकडे पोळ्या आणि दुसरीकडे भगर-आमटी करायची आणि पुण्य मात्र आपल्या नावावर, हा व्यवहार सचोटीचा नाही. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ती आपल्या वाट्याची. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना आधी देऊन टाकला. आपले वैराग्य भावाच्या पैशाने केले नाही. हा धडा प्रत्येक माळकऱ्याने लक्षात ठेवावा.

दुसरी: भांडी वेगळी असोत, पंगत वेगळी नसावी. माळकऱ्याचे पातेले वेगळे ठेवणे हे योग्य; त्यात कोणाचा अपमान नाही. ज्या दिवशी घरात सात्त्विक अन्न असेल त्या दिवशी तरी सर्वांनी एकत्र बसावे. आणि न पाळणाऱ्यांनीही एवढे पाळावे की माळकऱ्याची थट्टा म्हणून त्याच्या भांड्यात मुद्दाम काही शिजवू नये. मान दोन्हीकडून असला तरच टिकतो.

तिसरी: आजारी माणसाचा उपास घरातल्यांनी वाढवू नये. साखरेच्या आजारात उपाशी राहून म्हातारीला घेरी आली, तर त्यात पांडुरंगाचा संतोष नाही. तिला सांगावे, “आई, तू डॉक्टर सांगतात तसं खा, आज आम्ही दोघे तुझ्याजवळ बसून हरिपाठ म्हणतो.” उप-वास तो हाच.

चौथी: लेकरांना भीती घालून नेम लावू नये. ‘असं केलंस तर देव कोपेल’ असे ऐकत वाढलेले पोर मोठेपणी देवालाच टाळते. आपण हरिपाठाला बसताना दार उघडे ठेवावे. आले तर बसेल, उठले तर उठेल. माझा नातू सातव्या वर्षापर्यंत टाळ वाजवून पळून जाई. आता सोळा वर्षांचा आहे. अंडे खातो, एकादशी धरीत नाही, पण मी गावाला गेलो की संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो. मी त्याला विचारले नाही, त्याने सांगितले नाही, सूनबाईंनी सांगितले. एकदा मी न विचारून चुकलो होतो. म्हणून या वेळी त्याला जवळ बोलावून म्हणालो, “दिवा लावतोस, बरं वाटलं हो.” तो लाजून बाहेर पळाला.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर.

बाई, तुमचा नेम मोडलेला नाही. मालकांचा जत्रेचा वाटा त्यांच्या पानात आहे, तुमच्या कंठी नाही. थोरल्याची रात्रपाळी हे घराचे पोट आहे. तो पहाटे आला म्हणजे त्याच्यापुढे गरम भाकरी ठेवा, ती एकादशीच्या दिवशी ठेवली तरी तुमच्या एकादशीस उणेपणा येत नाही. धाकटी सून पोराला अंडे देते, ती आपल्या लेकराच्या अंगी लागावे म्हणून देते, तुम्हांला दुखवावे म्हणून नव्हे. तुमचे पातेले वेगळे ठेवा, माळ सांभाळा, हरिपाठ चुकवू नका. आणि एक करा. घरात तुम्हांला न दिसलेला कोणाचा कोणता नेम आहे, तो शोधा. थोरला पगारातून कोणाला गुपचूप काही देत असेल, सून तुमच्या औषधाची वेळ चुकवीत नसेल, मालक रात्री उठून गाईला पेंढा टाकीत असतील. सापडला की त्यांना तसे बोलून दाखवा. माणसे जिवंत आहेत तोवर बोलून दाखवा.

सप्ताहात त्या दिवशी हे उत्तर माझ्याकडून दिले गेले नाही, त्याबद्दल त्या माउलीने क्षमा करावी. हा अंक तिच्या हाती पडला तर बरे. न पडला, तर दोन्ही काठांवर अशी घरे पुष्कळ आहेत. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

रामकृष्णहरि.